सतरावी फाइल

४ मार्च
सतरापैकी चार फायली झाल्या. मान अवघडली आहे.

पाणीपुरवठ्याच्या कॉम्प्युटरवर सतरा सेवा चालतात — म्हणजे पडद्यावर न दिसता राबणारे सतरा प्रोग्राम. एक टाकीची पातळी मोजतो, एक नोंदी ठेवतो, सतरावा, म्हणजे शेवटचा, पंप सोडतो. रोज सकाळी साडेपाचला थांबाकाका त्या हाताने, क्रमाने सुरू करतात. महिनाअखेर ते निवृत्त होणार. तोवर प्रत्येक सेवेची एक्सएमएल फाइल मी लिहायची: नाव काय, आधी कोणती सुरू असायला हवी, पडली तर पुन्हा उठवायची का. मग मशीन सगळं आपलं आपण करील.

साहेब म्हणाले, "माणसाशिवाय पंप सुरू झाला की तुझी ऑर्डर काढतो." नववी नापासाला पक्की नोकरी! हे वाक्य लिहितानासुद्धा भीती वाटते.

७ मार्च
एक तिरका कंस बंद करायचा राहिला. मशीनने अख्खी फाइल परत केली! गणिताचे गुरुजीसुद्धा रीत बरोबर असली की निम्मे मार्क द्यायचे.

११ मार्च
काकांकडून क्रम काढून घेणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं.
"नोंदींच्या आधी काय?"
"पातळी."
"का?"
"तसंच असतं रे."

खरा घोळ सतराव्या सेवेत. सोळा उठल्या की काका हात वर करून म्हणतात, "थांबा!" — खोलीत मी एकटाच असलो तरी 'थांबा' — आणि पाच-सात मिनिटं पंपाला हात लावत नाहीत. नावच पडलंय त्यावरून. तेवढ्यात मोबाइलवर कुणाला तरी मिस्ड कॉल देतात, खिडकीशी उभे राहतात. मग त्यांचा फोन एकदा वाजून बंद होतो. काकूंना उठवत असावेत.

विचारलं, "सोळावीला तयार व्हायला वेळ लागतो का?"
"मशीनला कसला वेळ? पण घाई काय आहे, लेका?"

मी राहतो ताईच्या सासरी. घरी तिचे सासरे — "काय, अजून टेंपररीच?" ताईने भांडं जरा जोरातच ठेवलं.

१६ मार्च
घड्याळ लावून मोजलं. सोळावी अकरा सेकंदांत तयार होते. तीनदा तपासलं. मग चौथ्यांदा. काकांच्या सात मिनिटांना काही कारण सापडत नाही, आणि कारण नसलेलं फाइलमध्ये कुठल्या कंसात घालू? लिहिलं — सोळावी उठली की सतरावी. आपोआप: हो.

२२ मार्च
चौदा झाल्या. दुसरं काही नाही.

३१ मार्च
काकांना निरोप. भिंतीवरचं घड्याळ दिलं. साहेब म्हणाले, "यांची जागा आता सतरा फायली घेणार!" सगळे हसले. काकाही हसले. दारात मला म्हणाले, "काही राहिलं असेल तर विचार हो."
म्हटलं, "काही राहिलं नाही, काका."

१ एप्रिल
साडेपाच. हात मांडीखाली दाबून बसलो होतो, नको तिथे लागायला नको म्हणून. एकेक ओळ हिरवी होत गेली. बावन्न सेकंदांत पंप! साहेब मुद्दाम पहाटे आले होते. पाठ थोपटली. अजून दुखतेय.

१ एप्रिल, दुपार
व्हॉल्व्हमन आला. खालच्या रस्त्यावरचा. मी त्याला फक्त हजेरीच्या रांगेत पाहिलेलं. छातीपर्यंत ओला, कोपर सोललेलं.

रोज पाणी सुटण्याआधी तो पुरुषभर खोल खड्ड्यात उतरतो, झडपेचं झाकण उघडून गाळ काढतो. काकांचा मिस्ड कॉल आला की झाकण लावून वर येतो. वर आला की उलटा मिस्ड कॉल देतो. त्यानंतरच पंप.

"काका गेले, आता तुम्ही द्याल असं वाटलं," म्हणाला. "शिडी हाताला लागली म्हणून, नाहीतर..." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

काकांना फोन केला. म्हणाले — "अरे, ते काय कॉम्प्युटरचं काम आहे होय? तू कॉम्प्युटरचंच विचारत होतास."

साहेबांना सांगितलं. "त्याला म्हणावं, साडेपाचच्या आत वर ये. हवं तर घड्याळ देऊ! फाइलला हात लावू नकोस. तुझी ऑर्डर सहीला गेली आहे."

ताईला अजून काही सांगितलेलं नाही.

२ एप्रिल
पाचलाच आलो. सतराव्या फाइलमध्ये एक शब्द बदलला. आपोआप: नाही. वर्णनाच्या ओळीत लिहिलं — खड्ड्यातला माणूस वर आल्यावरच हाताने सुरू करणे. खाली त्याचा नंबर. आकडे तीनदा ताडून पाहिले.

मिस्ड कॉल दिला. खिडकीशी उभा राहिलो. पाच सदतीसला फोन एकदा वाजला, बंद झाला. पंप सोडला.

साहेब नऊला येतात.