पालीचं नाव

भांडुप, १९ मे २०२५

चि. सुलक्षणास धाकूकाकाचे अनेक आशीर्वाद.

आंबे पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. शाळेत भूगोल शिकवतेस, पण अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखं. तरी पत्रच लिहीत जा. सर्वेश गेल्यापासून मी फोन कानाला लावत नाही, तुला ठाऊक आहे.

कोकण किनाऱ्याला पुन्हा कमी दाबाचं काहीतरी झालंय म्हणतात. तुझ्या काकीनं काल टीव्हीचा प्लगच काढून टाकला. तिला भीती, की चार वर्षांपूर्वीच्या वादळाचं ते नाव परत कानावर पडेल. आमच्या पोराला, सर्वेशला, घेऊन गेलेलं नाव. मी समजावलं तर पटत नाही, तुझं ऐकेल. ते नाव परत येतं का गं?

तुझ्या छोट्या मुकुलला पापा. माया आहे तुझी, ती तशीच राहू दे.

तुझा
धाकूकाका


बोरिवली, २३ मे

ती. धाकूकाकांस सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

काकीला सांगा, नाही येणार. आपल्या बाजूच्या समुद्रांसाठी तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावं आधीच देऊन ठेवली आहेत. पाळीपाळीनं एकेका देशाचं नाव लागतं. एकदा लागलं की संपलं, इथल्या दुसऱ्या वादळाला ते कधीच देत नाहीत. टीव्ही खुशाल लावा.

काका, एक गोष्ट चार वर्षं तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही त्या दिवशी फोन करून विचारलंत, हे तौक्ते काय प्रकरण आहे. मी ऐटीत सांगितलं, म्यानमारनं दिलेलं नाव, अर्थ पाल. वर हसलेसुद्धा. नाव लोकांच्या लक्षात राहावं, वेळेवर सावध व्हावं, म्हणून तर वादळाला नाव देतात. वर्गात मी हेच शिकवते. तुम्हाला मात्र सावध व्हा म्हटलं नाही. सर्वेश देवगडला आहे, हे मला माहीत होतं. माफ करा म्हणायचीही लाज वाटते.

तुमचा लोभ कमी झाला तरी मी काही म्हणणार नाही.

तुमची
सुलू


भांडुप, २९ मे

चि. सुलूस आशीर्वाद.

वेडी आहेस. तुझा फोन ठेवला आणि मी सर्वेशला लावला. तो विचारत होता, मामाची होडी वर ओढायला जाऊ, की वादळ सरू दे. मी हसून म्हटलं, "पालीक कसलो भियातंस? जा, ओढून ये." होडी मिळाली, पोर मिळालं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. काकीला तर नाहीच.

तुझं पत्र तिला वाचून दाखवताना मधेच कागद खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, त्या दिवशी ती दारातच उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. चार वर्षं मी तिच्यापासून लपवत होतो आणि तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"मी पण हसललंय तेव्हा," म्हणाली.

नंतर उठून तिनंच टीव्हीचा प्लग लावला. बातम्या संपेपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. ते नाव आलं नाही.

लोभ होता तेवढाच आहे. पत्र लिही.

तुझा
काका