बंद स्टेशनासाठी घेतलेले अंगठे

अण्णा, काल आपल्या स्टेशनावर गेले होते. गंगापूरला लग्न होतं, तिथून मुद्दाम वाट वाकडी केली. हल्ली थोडं चाललं तरी गुडघे दुखतात. छपराचे पत्रे गेलेत, तिकीटखिडकीचे गज कुणी तरी काढून नेलेत, आणि तुम्ही बसायचात त्या खोलीत आता मेंढरं कोंडतात. गाड्या जातात, थांबत नाहीत.

तुम्ही रेल्वेचे नोकर नव्हता, नुसते कमिशनवर तिकिटं विकायचात, तरी चार गावं तुम्हाला मास्तर म्हणायची. तिथं गाडी थांबायची म्हणून मी कॉलेजला जाऊ शकले. थांबा बंद होणार कळलं तेव्हा तुम्ही वस्तीवस्तीवर पायी फिरून अर्जावर सह्या आणि अंगठे गोळा केलेत. शहरात उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर येऊन तो गठ्ठा माझ्या हातात दिलात. "साहेबाच्या हातातच दे. टपालात टाकू नको."

मी गेले, अण्णा. रेल्वेच्या ऑफिसात बाकावर बसून अर्ज उघडला. तुमचं ते वाकडंतिकडं अक्षर, चुकलेली वेलांटी, शाई पसरलेले अंगठे. तेवढ्यात वर्गातली एक मुलगी वडिलांचा डबा घेऊन आली. "तू इथं कशी?" तिनं विचारलं. मी गठ्ठा पिशवीत कोंबला. "सहज," म्हणाले, आणि तिच्याबरोबरच बाहेर पडले. साहेब आत होते. दार उघडंच होतं.

पुन्हा जाईन म्हणता म्हणता राहिलं. तुम्ही एकदाच विचारलंत, "साहेब काय म्हणाले?" मी म्हणाले, "बघतो म्हणाले." तेवढंच तुम्ही गावोगाव सांगत सुटलात. पुढं थांबा बंद झाला. जेवताना गाडीचा आवाज आला की तुमचा घास हातातच राहायचा.

अर्ज दिला असता तरी थांबा वाचला असता का, कोण जाणे. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच विचारत आले. आता त्याचाही कंटाळा आलाय.

काल मेंढरांपाशी एक म्हातारी बसली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "मास्तरची पोर ना गं तू?"

"व्हय."

"लई पायपीट केली त्यांनी. माझा बी अंगठा घेतला होता. पर सरकारनं वाचलंच नाय."

"नाय वाचलं," मी म्हणाले.

तिनं बसायला पोतं पुढं सरकवलं. "बस चुकेल," म्हणत मी निघाले. बसला अजून तास होता.