गिअरबॉक्समधले तेल व इतर मिळकत

मी, रऊफ सलीम अबू अलवान, वय चौऱ्याहत्तर, सरकारी जमीन मोजणी खात्यातून निवृत्त, राहणार बारूक, शूफचा डोंगर, लेबनॉन, हा कागद स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बुद्धीबद्दल माझे मेहुणे मुनीर यांचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. माझी मुलगी हनादी एवढेच म्हणाली की, "बाबा, तो जुना कागद तेवढा बदला, लोक हसतात." लोक हसतात हे खरे असल्यामुळे त्याला मी दडपण समजत नाही.

हे माझे दुसरे मृत्युपत्र. पहिले या कागदाने रद्द होते. ते का रद्द करावे लागले हे कलम चारमध्ये लिहिले आहे. ते कलम लांबले आहे, याची मला कल्पना आहे.

कलम १. राहते घर, त्याची गच्ची, तळघर आणि समोरची सफरचंदांची बाग हनादीला द्यावी. ती माझे एकुलते एक अपत्य असून बैरुतला दातांची डॉक्टर आहे. बागेच्या पाण्याच्या पाळीवरून मुनीर आणि मी एकोणीस वर्षे भांडत आहोत. ते भांडणही बागेबरोबर हनादीकडे जाते. तिने ते मिटवले तरी माझी हरकत नाही. माझ्या हयातीत मात्र मिटवू नये, कारण मुनीर रोज सकाळी मत्ते, म्हणजे नळीने ओढायचा कडू चहा, प्यायला येतात ते त्याच निमित्ताने.

कलम २. बँकेत माझ्या नावावर जी काही शिल्लक आहे ती परत द्यायची बँकेचीच इच्छा नाही, असे सध्या दिसते. त्या शिल्लकेसाठी रांगेत उभे राहण्याचा माझा हक्क मी हनादीला देतो.

कलम ३. कोन मोजायचे यंत्र, तिपाई, साखळी आणि पितळी ओळंबा गावच्या शाळेला द्यावा. मुलांनी हाताळून मोडले तरी चालेल. कपाटात ठेवून पुसत बसू नये. वस्तू जपण्याविषयी माझे मत अलीकडे बदलले आहे.

कलम ४. लाल रंगाची, दोन आसनांची, उघड्या टपाची अल्फा स्पायडर मोटार.

कागदोपत्री ती माझी आहे. वास्तविक ती माझी पत्नी नाझिक हिची. आमच्या लग्नाआधीपासून ती घाटातल्या शर्यतींत गाडी चालवायची. मी एकदाच तिच्या शेजारी बसलो. उतरल्यावर लोकांनी मला पाणी दिले आणि तिला चषक दिला. त्यानंतर गाडीशी माझा संबंध एवढाच राहिला की ती गाडीखाली शिरली की मी दिवा धरायचा.

गाडीचे तेल तिने कधी गॅरेजात बदलून घेतले नाही. इंजिनाचे नव्हे, ते कोणीही बदलतो. गिअरबॉक्सचे, आणि मागच्या चाकांमधल्या डिफरन्शिअलच्या गोळ्याचे. आधी झऱ्यापर्यंत एक फेरी मारून तेल गरम करायचे. मग चारही चाके सारखी उचलून गाडी सपाट ठेवायची. दोन्हीकडची तेले वेगळी, आणि त्यांची अदलाबदल करायची नाही. गोळ्यातले तेल गिअरबॉक्सच्या पितळी कड्या खाते. शिवाय ते कुजलेल्या अंड्यासारखे घाण वास मारते. नाझिक लिंबाने हात धुवायची, तरी रात्रीपर्यंत तो वास जायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम: वरचे, भरायचे बूच आधी उघडायचे.

"खालचं उघडून तेल सांडून टाकलं आणि वरचं निघालंच नाही, तर?" ती म्हणायची. "रिकामी गाडी घेऊन बसाल. आणि अहो, दिवा बोल्टावर धरा, माझ्या तोंडावर नको. माझं तोंड गळत नाहीये."

सात वर्षांपूर्वी वसंतात तिने दोन्ही तेले बदलली. त्याच उन्हाळ्यात बागेत शिडीवरून उतरताना तिचे हृदय बंद पडले. मी घरात कॉफी करत होतो.

आम्ही दुरूझ पंथाचे. माणूस जातो त्याच क्षणी तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जन्मलेला असतो, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून आम्ही मोठ्याने रडत नाही. मीही रडलो नाही. आमच्या कायद्याप्रमाणे दुरूझ माणसाला आपली मिळकत वाटेल त्याला देता येते. या दोन गोष्टी एकत्र करून मी वर्षभरात पहिले मृत्युपत्र केले. त्यात लिहिले की मोटार माझ्या पत्नीला द्यावी, ती जिथे जन्मली असेल तिथे.

वकिलांनी पेन उचलून विचारले, "रऊफ साहेब, वारसाचं पूर्ण नाव?"

"अजून कळलेलं नाही."

"वडिलांचं?"

"तेही नाही."

"गाव?"

"कळलं की कळवतो."

ते फार सभ्य गृहस्थ. हसण्यासाठी ते बाहेर गेले.

त्याच कागदात आणखी एक अट होती: वारस सापडेपर्यंत गाडीतले तेल कोणी बदलू नये. कारण ते तिने भरले होते. यापेक्षा चांगले कारण माझ्यापाशी नव्हते आणि आजही नाही. गाडी आखडू नये म्हणून दर शुक्रवारी मी ती झऱ्यापर्यंत नेऊन आणायचो. गाडीखाली एखाददुसरा थेंब पडे. खाली पुठ्ठा टाकायचो, आणि तो डागाळला की बदलून जुना तळघरात ठेवायचो. तेही तिचेच तेल. पुढे मागच्या बाजूने घुरघुर सुरू झाली. मुनीर बागेतून ओरडायचे, "दाजी, अहो तेल बदला. ती गाडी आहे, कबर नव्हे. कबरीला हँडब्रेक नसतो."

मी म्हणायचो, "वय झालंय तिचं."

"वय तुमचं झालंय. तुम्ही घुरघुरता का? तिला तेल हवंय."

मी पुठ्ठा बदलायला जायचो. मेहुण्याला उत्तर दिले की तो दुपारपर्यंत उठत नाही.

गेल्या महिन्यात रशाया गावाहून एक आजीबाई आल्या. बरोबर त्यांची नात, तालिया, सहा वर्षे पुरी झालेली. हनादी त्या दिवशी घरी होती. तिने मत्ते केले, नळी लिंबाच्या सालीने पुसून आजीबाईंपुढे धरली. बाई ओशाळून बसल्या होत्या.

"भाऊ, आम्हाला काही नको," त्या म्हणाल्या. "बोलायला लागल्यापासून हिचं एकच चाललंय. माझी लाल गाडी होती, बारूकला होती. हिच्या बापाकडे गाढवही नाही. म्हटलं, एकदा दाखवून आणावी, म्हणजे शांत झोपेल."

लाल गाडीची बाई बारूकची, हे आमच्या डोंगरात कोणाला माहीत नाही? मी मनात म्हटले, रऊफ, तू मोजणी खात्यातला माणूस आहेस. पुराव्याशिवाय हद्द कायम करायची नाही. मी एक प्रश्न सात वर्षे तयार ठेवला होता. तो मी कोणाला सांगितला नव्हता. आधी कुठले बूच उघडायचे, वरचे की खालचे? उत्तर "वरचे" आले तर गाडी तिची.

आम्ही सगळे शेडमध्ये गेलो. मी गाडीला टेकलो. मुलगी गाडीभोवती एक चक्कर मारून मागच्या बाजूला थांबली. मी घसा साफ केला.

"तालिया, बाळ, समज, या गाडीचं तेल बदलायचंय..."

"ई," ती म्हणाली. "घाण वास येतोय. अंडं कुजल्यासारखा."

"अगं, असं म्हणू नये दुसऱ्याच्या घरी," आजीबाई म्हणाल्या.

"पण येतोय ना."

हनादीने नाक वर करून वास घेतला. मग ती चांगल्या कपड्यांनिशी जमिनीवर आडवी झाली आणि गाडीखाली शिरली. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. तिने पाना मागितला. मी दिला. ती बाहेर आली तेव्हा तिने करंगळी माझ्यापुढे धरली.

"बाबा, हे वरचं बूच काढून आत घातलेलं बोट. बघा."

बोट कोरडे होते.

"गोळ्यात तेल नाही. सगळं गळून गेलंय. तुम्ही हिला दर शुक्रवारी कोरडी फिरवताय."

"थेंब थेंबच तर पडत होतं," मी म्हणालो.

"सात वर्षं, बाबा."

मी आयुष्यभर लोकांच्या जमिनी बोटाच्या रुंदीपर्यंत मोजून दिल्या. थेंबांची बेरीज केली नाही. जे जपतो आहे असे मला वाटत होते, ते केव्हाच पुठ्ठ्यावर होते. आणि जी गाडी नाझिकने कधी एक दिवस दुखू दिली नाही, तिची दातेरी चाके मी शुक्रवारी शुक्रवारी घासून खात होतो, आणि वर ती घुरघुरते म्हणून तिच्या वयाला नावे ठेवत होतो.

मुलीला प्रश्न विचारायचा राहून गेला. ती थोडा वेळ चालकाच्या आसनावर बसली, चाक हलवले, मग तिला भूक लागली. जाताना हनादीने तिला सफरचंदांची पिशवी दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. दिवा मुनीर यांनी धरला. ते धरतील असे वाटले नव्हते. या वेळी गाडीखाली मी गेलो, हनादीबरोबर.

"गरम करायला फेरी मारायची?" मी विचारले.

"कोरडी? एक फूटही नाही. थंडच काढू."

गिअरबॉक्सचे वरचे बूच निघेना. सात वर्षांत कोणी हात लावलेला नव्हता. हनादीने ते तापवले, मी पाना धरून लोंबकळलो, मुनीर म्हणाले, "दाजी, तुमचं वजन वाढवा नाहीतर पान्याची लांबी." दुपारी केव्हातरी बूच कुरकुरत फिरले. खालचे आधी उघडले असते तर काय झाले असते, हे आम्हा तिघांनाही माहीत होते.

मग खालचे उघडले. गिअरबॉक्समधले तेल अजून होते. थंड असल्यामुळे खर्नूबच्या शेंगांच्या काकवीसारखे सावकाश येत होते, काळपट, मध्येच सोनेरी. मी घरातून काचेची बरणी आणून ठेवली होती. हनादीने ती पाहिली.

"बाबा, आईनं जुनं तेल कधी ठेवलं होतं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हणालो, आणि बरणी बाजूला केली. तेल साध्या डब्यात गेले. तो डबा गॅरेजवाल्याकडे दिला, नाझिक द्यायची तसाच.

गोळ्याच्या खालच्या बुचाला लोहचुंबक असते. झिजलेले लोखंड त्याला चिकटते. गाडी वाचली की मेली हे तिथे कळते. हनादीने बूच काढून दिव्याखाली धरले. त्यावर राखेसारखा करडा लेप होता. तिने तो दोन बोटांत चोळला. आम्ही दोघे म्हातारे श्वास धरून होतो.

"चिखल आहे," ती म्हणाली. "खडे नाहीत. दात शाबूत आहेत. हिरड्या खराब आहेत, पण दात शाबूत आहेत."

गोळ्याची गळकी रबरी कडी बदलली. नवे तेल मोठ्या पिचकारीने मी भरले. वरच्या भोकातून तेल परत बाहेर येऊ लागले की भरले, एवढाच हिशेब असतो. ते बाहेर येऊन माझ्या बाहीत गेले, तरी मी भरतच होतो. हनादीने माझा हात धरला. "बस, बाबा. पुरे झालं."

सबब असे ठरवतो: मोटार हनादीला द्यावी. तिने ती चालवावी, तिचे तेल वेळच्या वेळी बदलावे, विकावीशी वाटल्यास विकावी. तोपर्यंत रशायाची तालिया केव्हाही आली, लहान असताना किंवा मोठी होऊन, तर तिला गाडीत बसू द्यावे, आणि परवाना असल्यास झऱ्यापर्यंत चालवू द्यावे. तिला कसलाही प्रश्न विचारू नये. त्या दिवशी जे घडले त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. तो वास कोणालाही आला असता. फक्त मला येत नव्हता.

कलम ५. तळघरातले तेलकट पुठ्ठे कोणालाही देऊ नयेत. हनादी ते जाळणार आहे. मी त्या दिवशी मुनीर यांच्याकडे जाऊन बसेन.

कलम ६. मुनीर यांना मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि माझ्या वेडाचा यांच्याइतका जुना साक्षीदार दुसरा मिळणार नाही.

कलम ७. माझ्यामागे माझी कोणतीही वस्तू आहे तशी ठेवू नये. मलाही कोणी शोधू नये. तरी एखाद्या दिवशी कोणी लहान मूल दारात येऊन मी रऊफ आहे म्हणाले, तर त्याला सफरचंद द्यावे, आणि आईबाप वाट पाहत असतील म्हणून हनादीने अल्फातून घरी पोहोचवावे. वाटेत दुसरा गिअर टाकताना गाडी कुरकुरली आणि ते मूल "वय झालंय तिचं" म्हणाले, तर त्याकडे लक्ष देऊ नये.

हा कागद लिहून, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवून सही केली. वाचताना मुनीर दोनदा खोकले. त्याची नोंद घेण्याची गरज नाही. डाव्या कडेला जो तपकिरी डाग आहे तो माझ्या अंगठ्याचा असून खाडाखोड समजू नये. लिंबाने धुतला होता.

(सही) रऊफ सलीम अबू अलवान

साक्षीदार:
१. (सही) मुनीर फारिस हलबी, बागायतदार, बारूक. वरील पाण्याच्या पाळीबाबतचा मजकूर मला मान्य नाही.
२. (सही) वलीद नसरुद्दीन, औषधविक्रेते, बारूक.

ठिकाण: बारूक
तारीख: २१ मे २०२३