टाचेचा खड्डा

शनिवार, २० जून १८९६
फुटबॉलच्या सामन्यात तीन किका, तिन्ही बिहाइंड. म्हणजे गोलखांबांच्या बाजूने गेल्या. सामन्याचा कारकून लिहून घेतो, गुणांत मोजत नाही. दोष वाऱ्याचा. गुडघा ठणठणीत आहे, फक्त वाकत नाही. उद्यापासून रोज शंभर किका. बिअर बंद.

सोमवार, २२ जून
किका: शून्य. वीटभट्टीवर दिवसभर चिखल उपसल्यावर पाय उचलतो कुणाचा? बिअर एकच, गुडघ्यासाठी.
कॅप्टन ट्रगियर म्हणाला, सेप, चेंडू जमिनीवर ठेवून आता कोण मारतं रे? तुझा खड्डा होईपर्यंत लोक चहा पिऊन येतात! अकरा वर्षं मी टाचेने खड्डा करतोय, त्यात चेंडू उभा करतोय आणि गोल मारतोय. माझा मेहुणा ह्यूई पळता पळता हातातून चेंडू सोडून मारतो. शुद्ध जुगार. गोल होतात, ती गोष्ट वेगळी.

शनिवार, ४ जुलै
पुन्हा दोन बिहाइंड. ट्रगियर म्हणे, पुढचा शनिवार शेवटचा, नाहीतर गोलसमोर ह्यूई. माझ्याशिवाय यांचे हाल कुत्रं खाणार नाही.
ह्यूई संध्याकाळी येऊन माझ्या बुटांना चरबी चोळून गेला. म्हणाला, दाजी, काळजी नको, तुम्हीच मारणार. स्वभावाने गरीब आहे.

शनिवार, ११ जुलै, संध्याकाळी ६
चिखल. शेवटच्या पाच मिनिटांत गोलसमोर चेंडू झेलला, म्हणजे निवांत किक माझी. पहिला खड्डा पसंत पडला नाही. दुसरा केला, चांगला खोल. किक मारली. एरवी खड्डा पायाने बुजवतो. आज घाई होती, गुडघाही बोलत होता.
चेंडू परत आत आला. ह्यूई त्यामागे धावला. पाय खड्ड्यात गेला. आवाज मला ऐकू आला.
पावसाने जमीन मऊ झाली होती. त्याला कोण काय करणार.

सोमवार, १३ जुलै
विनीने, बायकोने, एवढंच विचारलं: खड्डा कुणाचा? मी म्हणालो, आठवडाभर तिथे गाई चरतात, खड्डे असणारच. तिने ताट माझ्यासमोर ठेवलं आणि भावाकडे इस्पितळात गेली. मटण गार झालं. तरी खाल्लं.

शुक्रवार, १७ जुलै
ह्यूईची जखम चिघळली. गुडघ्याखाली पाय कापला.
ट्रगियरचा निरोप: उद्या लवकर मैदानावर ये. शेवटी माझीच आठवण झाली ना! वाईट वाटतं, पण टीमचंही बघायला हवं. बुटांना चरबी लावली.

शनिवार, १८ जुलै
ट्रगियरने फावडं दिलं. म्हणाला, सामन्याआधी सगळे खड्डे बुजव. बूट घालूनच बुजवले. नऊ निघाले. गाईच्या खुराचा एकही नव्हता.

रविवार, १९ जुलै
इस्पितळात गेलो. विनी बाकावरून उठून बाहेर गेली. ह्यूई पांढराफटक पडलाय. पांघरूण एका बाजूला सपाट. मला रडू आवरेना. त्यानेच माझा हात धरला आणि विचारलं, दाजी, त्या शनिवारी मी पडलो, आधीचं-नंतरचं काही आठवत नाही. तुमची ती किक गेली ना आत?
मी म्हणालो, गेली. मधोमध.
तो हसला. म्हणाला, मग पाय फुकट नाही गेला.
किक बाहेर गेली होती. खड्डा माझा होता.