रोझीनाचे कान

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, ७ मे १९८६

चि. लॉरेन हिस,
अ. उ. आ.

तुझ्या घरी दुखवटा, त्यात रोझीनाचे कान पुन्हा वाहू लागल्याचं नर्सकडून कळलं. जीव तुटतो गं. म्हणून एक काम परस्पर केलं. मंद मुलांच्या इथल्या शाळेचे साहेब तिला घ्यायला तयार आहेत. तुमचे हेडमास्तर म्हणे कंटाळलेत, हाक मारली तरी पोरगी वळत नाही. साहेबांनी विचारलं, आई कोण? मी म्हटलं, मीच. सख्ख्या बहिणीची पोर, आपल्या आदिवासी लोकांत मावशी म्हणजे आईच, दुसरं काय सांगणार? सही दिली. माझ्याजवळ सुखाने राहील. रागावू नकोस.

तुझी ताई,
मेविस

वस्तीवरून, १५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस म्हणतेस? चांगली भडकले आहे! नवरा गेल्यापासून रीतीप्रमाणे विधवा बायकांच्या तळावर मौनात आहे, वस्तीच्या रेडिओवरून तुझ्याशी बोलता येत नाही, म्हणून वाचलीस.

पोरगी मंद नाही, तिला ऐकू कमी येतं. औषध दिलं की कान कोरडे, ते संपलं की पुन्हा पू. मी कागदाची वात करून टिपते, ती शहाण्यासारखी मान कलती धरते. आम्ही इथे हातांच्या खुणांनी बोलतो, ते तिच्याइतकं कुणालाच कळत नाही. सासूबाईंच्या चहाड्यासुद्धा तिने उचलल्यात!

परवा तिला घेऊन शाळेत गेले. मौन मोडलं नाही. मी हातांनी सांगत गेले, ती हेडमास्तरांना इंग्रजीत खणखणीत ऐकवत गेली. मला ऐकू कमी येतं, अक्कल शाबूत आहे, वर्गात पुढे बसवा, असं. माझे हात थांबले तरी बाईसाहेबांचं चालूच! तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता, मग मला कसं कळणार, हे तिने स्वतःच्या मनाने विचारलं. हेडमास्तर लालबुंद झाले. पण म्हणाले, सही शहरात झाली, आता त्यांच्या हातात काही नाही. महिनाअखेर तिला न्यायला गाडी येईल.

पोर मी देणार नाही. तू घातलेला घोळ तूच निस्तर.

लोभ आहे, पण तूर्त मागू नकोस.

तुझी,
लॉरेन

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, २१ मे

चि. लॉरेन हिस,
अ. उ. आ.

चुकलंच माझं. पत्र वाचलं तशी उठून साहेबांकडे गेले. सही खोडा म्हटलं. तर म्हणाले, तुम्ही मावशी निघालात, जन्मदात्या आईनेच समोर येऊन सांगायला हवं. सही घेताना मी आई, खोडताना मावशी! तोंडावर सुनावलं, आमच्यात आई अशी बदलत नसते. तिची आई मौनात आहे म्हटलं, तर म्हणाले, मग इलाज नाही.

इलाज नाही कसा? शुक्रवारच्या विमानाने दोघी या. याच फेरीत तिला कानांच्या डॉक्टरांनाही दाखवू. साहेबांसमोर तू हातांनी सांग, ती तोंडाने सांगेल. मी दाराला पाठ लावून बसते. सगळं ऐकून होईपर्यंत साहेबांना बाहेर पडता येणार नाही.

लोभ असावा, आणि राग साहेबांसाठी राखून ठेवावा.

तुझी,
मेविस