बिननावाच्या मुलीचे नातेवाईक

भोर, ७ फेब्रुवारी १९३७

चि. सावळारामास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र लिहायचं कारण एवढंच, की तुझ्या मुलीला तिसरा महिना लागला आणि अजून तिचं बारसं नाही. ही बातमी मला सख्ख्या भावाकडून नव्हे, भोरच्या बाजारात तूप विकायला आलेल्या हैबतीकडून कळली. मास्तरांच्या लेकीला नाव न्हाई, पर तिचं पावनं जर्मनीत हायती, असं त्यानं चारचौघांत सांगितलं. माझ्या शाळेतल्या दोन बाई तिथेच कांदे घेत होत्या. मुख्याध्यापिकेनं तोंड कुठे लपवावं?

संस्कृतात नाम, लॅटिनमध्ये नोमेन, इंग्रजीत नेम. वेल्ह्यापासून लंडनपर्यंत सगळ्यांकडे नाव आहे, तुझ्या मुलीकडे तेवढं नाही. कॉलेजात हे सगळं मीही शिकले. त्यानंतर जेवले, झोपले, नोकरी केली. तूही तसं करावंस. नाव आणि तारीख उलट टपाली कळव.

तुझी,
चंद्राअक्का


वेल्हे, ११ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान लाल झाले. पण नाव म्हणजे भोपळा नव्हे, दिसला की उचलला. शब्दाचं कूळ जर्मन कोशात पाहावं लागतं. तारा पाहिली. ग्रीकांकडे अस्तेर, इंग्रजांकडे स्टार. पण आपल्या तारेचा आरंभीचा स वाटेत कुठेतरी पडला. असं अपुऱ्या अंगाचं नाव नको. मधू पाहिली, तर विलायतेतल्या तिच्या बहिणी दारू निघाल्या. उषा मात्र खानदानी. लॅटिन अरोरा, ग्रीक इओस, दोघी तिच्या सख्ख्या. पण ही इओस तरण्या पुरुषांना पळवून न्यायची. तसली मावशी मुलीला नको.

शोध चालू आहे. तुझे पाय दुखतात, तेव्हा तूर्त इकडे यायचे कष्ट घेऊ नयेस.

तुझ्या रागाचा आणि मायेचा हक्कदार,
सावळाराम


वेल्हे, १३ फेब्रुवारी

ती. वन्संच्या पायी कमळाचा नमस्कार. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. जर्मन कोश नुसतं निमित्त आहे. मुलीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ह्या मुलीला तुम्ही एकच आत्या. बाळंतपणासाठी शिवऱ्याहून माझी आई आली आहे, ती म्हणते, आत्या विधवा, पाळण्याजवळ नको. शेजारणीला आत्या करू. हे म्हणतात, अक्का नाही तर बारसं नाही. तुम्हाला सांगायला दोघंही धजत नाहीत. म्हणून कोणी नाव सुचवलं, की हे कोश उघडतात.

आईच्या मनात माझ्या थोरल्या बहिणीचं नाव आहे, ठकू. ती मानमोडीच्या साथीत गेली. आईनं ते नाव एकदाच काढलं, तर हे म्हणाले, ठकूला नीरा नदीपलीकडेसुद्धा कोणी नातेवाईक नाही. तेव्हापासून आई ह्यांच्याशी बोलत नाही. पौर्णिमेला आम्हा दोघींना शिवऱ्याला नेऊन तिथेच नाव ठेवणार म्हणते. तसं झालं तर हे न्यायला यायचे नाहीत आणि आई पाठवायची नाही. मी कोणाकडे पाहू?

तुमचीच,
कमळा


भोर, १५ फेब्रुवारी

चि. सावळारामास आशीर्वाद. वि. वि.

लहानपणी चोरून गूळ खाल्लास, की तू असाच सविस्तर बोलायचास. इओसच्या चालचलणुकीची तुला इतकी काळजी वाटली, तेव्हाच मला वास आला. कोणी सांगितलं ते विचारू नकोस.

खानदानी शब्द हवा ना? मग 'विधवा' घे. लॅटिन विदुआ, इंग्रजी विडो, रशियन व्दोवा. चोवीस वर्षं मी तो वागवते आहे; त्या गोतावळ्यातून कधी एक नारळसुद्धा आला नाही. माझ्यासाठी भांडलास, ते कळलं. पण मान माझा आणि नाव अडवलंस त्या पोरीचं, हा कुठला न्याय?

सोमवारी नसरापूरमार्गे येते. नाव मी आणते आहे. कोश मिटून ठेव.

चंद्राअक्का


भोर, २६ फेब्रुवारी

सौ. पारूबाई विहीणबाई यांस सा. न. वि. वि.

कमळा हे वाचून दाखवील. तिनं मधली वाक्यं गाळू नयेत.

आपण उंबऱ्यात आडव्या उभ्या राहून म्हणालात, रीत हाय बाई, माजा तुमच्यावर राग न्हाई. मला ते आवडलं. तोंडावर बोललात, माझ्या भावासारखं जर्मनीच्या आडून नाही. मी म्हटलं, नाव आधी तुमच्या कानात सांगते, मग पोरीच्या कानात कोणी सांगायचं ते तुम्हीच ठरवा. सांगितलं, तशा आपण उंबऱ्यावरच बसलात, पदर तोंडाला लावून. आणि मग म्हणालात, तुमीच म्हना, पर मोट्यानं म्हना, गावाला ऐकू जाऊंदे.

ठकू हे नाव ऐकून सावळारामाचा चेहरा असा झाला, की लॅटिन मेली ही बातमी त्याला त्याच क्षणी कळली असावी. त्याला सांगावं, युरोपात कोणी नसलं तरी चालेल. पाळण्याची दोरी ओढायला इथे आपण दोघी आहोत.

लोभ धरलात, तो आता सोडू नये.

आपली,
चंद्राबाई

नोंद. सावळारामाकडून ताब्यात घेतलं: जर्मन कोश एक, ठकू स्वतःचं नाव सांगू लागेपर्यंत.
पारूबाईंच्या हातून मिळालं: नारळ एक. आत्याच्या मानाचा खण एक, हिरवा.