दाण्याच्या विणीचं पांघरूण

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा शिरसाष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वर्षभर वाकत नाही, तेव्हा आठातलं एक अंग कमी धरावं. बाकीची सात मनापासून आहेत.) तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला आणि आता तुम्हाला समोरच्या गच्चीतल्या टाकीवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात, असं माझ्या लेकीकडून कळलं. ऐकून फार बरं वाटलं. उजव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात आहे म्हणे. म्हणूनच हे पत्र घाईने लिहायला घेतलं. तुम्ही दोन्ही डोळ्यांनी वाचायला लागलात की माझी धडगत नाही. थेंब वेळेवर घालता ना? डोळा चोळू नका. तुम्हाला पथ्य सांगणारी मी कोण, पण हे असते तर त्यांनी रोज फोन करून हेच सांगितलं असतं, आणि तुम्ही "गप रे, नऊ वर्षांनी मोठी आहे मी तुझ्याहून" म्हणून त्यांना उडवून लावलं असतं. त्यांच्या वाटणीचं मी लिहिते. उडवून लावायला हरकत नाही.

आता मुद्द्यावर येते. (येते म्हणाले, आले असं नव्हे.) ह्यांना नोकरी लागली तेव्हा तुम्ही जे निळसर राखाडी पांघरूण विणून दिलं होतं, अंगभर टपोऱ्या दाण्यांचं, ते हे गेल्यावर महिन्याभराने तुम्ही माझ्याकडे मागितलंत. आईमागे ज्याला लहानाचं मोठं केलं, त्याची तेवढी एकच वस्तू तुम्ही मागितलीत. आणि मी फोनवर सांगितलं, की ते दवाखान्याच्या धुण्यात गेलं. तुम्ही म्हणालात, "सव्वीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईखान्यात काढलीस, कधी कुणाचा हातरुमाल हरवला नाहीस, आणि नेमकं हेच बरं हरवलं?" त्यानंतर दोन वर्षं तुम्ही माझ्याशी अतिशय नीट बोलता. कशी आहेस, तब्येत सांभाळ, ठेवते. मला शेवटचं "मूर्ख" कधी म्हणालात ते आठवतसुद्धा नाही. तुमचा राग नेहमी सभ्यपणावरून ओळखावा लागतो, हे मी लग्नानंतर आठवड्याभरातच शिकले होते. तर हे सगळं पुन्हा पहिल्यासारखं व्हावं, म्हणून सात महिन्यांपूर्वी मी ठरवलं, की अगदी तसंच दुसरं पांघरूण आपल्या हाताने विणून तुम्हाला पाठवायचं. तुमच्या डोळ्यांना आता ते काम झेपणार नाही, आणि माझे डोळे (चष्म्यासकट) शाबूत आहेत. हातांचं मी कुणाला विचारलं नव्हतं.

सुरुवात वाचनालयापासून केली. माझं वाचन तुम्हाला ठाऊक आहे. शाळा पहिलीत पाय टाकताच सुटली, पुढचं सगळं मी चादरींवर शिकले. चादरीच्या कोपऱ्यावर वॉर्डाचा शिक्का असायचा, आणि चादर भलत्या वॉर्डात गेली तर बोलणी बसायची. त्यामुळे मला आलेला पहिला अवघड शब्द "शस्त्रक्रिया". "कमळ" फार नंतर आलं. (हे विजेचे मीटर वाचायचे, मी पुस्तकं. आमच्या घरात दोघंही वाचणारे, असं हे पाहुण्यांना सांगत.) अशा माणसाला पुस्तकातलं काही गाळवत नाही. क्रोशाचं पुस्तक आणलं तेही मी पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत दोनदा वाचून काढलं, मग सुईला हात लावला. त्यात एकही माणूस नाही, तरी चौदाव्या पानापासून जीव टांगणीला लागतो. ग्रंथपाल म्हणाले, "आजी, हे वाचायचं नसतं, करायचं असतं." मी म्हटलं, "मागे तुम्ही व्यायामाचं दिलं होतंत, तेही मी वाचलंच."

पुढची अडचण म्हणजे मी डावरी आणि पुस्तकातले सगळे हात उजवे. लेकीने फोनवर तोड काढली. "आई, चित्र आरशात बघ की." बघितलं. चित्रातला हात डावा झाला, अगदी माझाच, पण शेजारचा मजकूरही उलटा झाला. मग आधी मजकूर पाठ करायचा आणि पुस्तक हनुवटीखाली दाबून कपाटाच्या आरशासमोर बसायचं, असं चाललं. त्या दाराची खिट्टी सैल आहे. हे ती दर रविवारी पुढच्या रविवारी बसवणार होते. त्यामुळे दोन-तीन टाके झाले की दार आपसूक उघडू लागे, आरशातली मी पुस्तकासकट हळूहळू भिंतीकडे सरकत जाई, आणि माझ्या जागी ह्यांचे शर्ट येत. मग उठायचं, दार लावायचं, पुन्हा पहिल्यापासून. शर्ट मी अजून काढलेले नाहीत. लेक दर फोनला विचारते. मी म्हणते, विणकाम संपू दे.

लोकरीसाठी चौकातल्या दुकानात गेले. दुकान चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या आणि जिभेने तिखट आहेत. मी म्हटलं, निळसर राखाडी. त्यांनी चौदा निळसर राखाडी गुंडे समोर मांडले. "नमुना आणलाय?" म्हटलं, नाही, पण मला रंग आठवतो. त्या म्हणाल्या, "बाई, रंग कुणाला आठवत नसतो. नवऱ्याच्या डोळ्यांचा विचारला तरी बायका भिंतीकडे बघतात." मी नेमकी भिंतीकडेच बघत होते. (तपकिरी. पण घरी येऊन फोटोत खात्री करून घेतली.) त्या दिवशी हात हलवत परत आले. दुसऱ्या दिवशी जाऊन बरोबर रंग आणला. तो कसा, ते तूर्त राहू दे.

तुमची ती वीण तुम्ही डोळे मिटून करत असाल, पण मला ती समजायलाच पंधरा दिवस लागले. एकाच घरात पाच खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे आणि वर सगळे एकत्र बांधायचे, की लोकरीचा टपोरा दाणा उठतो. माझे काही दाणे उठले, काही बसूनच राहिले, आणि काही उलट्या बाजूला उठले. तरी नेट सोडला नाही. एकशे साठ साखळ्या घातल्या होत्या, म्हणजे ओळीला तेवढेच टाके. पहिल्या ओळीला अख्खा दिवस गेला. दहावी ओळ दुपारपर्यंत झाली. चाळिसाव्या ओळीपर्यंत हात असा बसला म्हणता, की चहा थंड व्हायच्या आत अर्धी ओळ पुरी. मी स्वतःवर बेहद्द खूश. लेकीला व्हिडिओवर अभिमानाने दाखवलं. तिने फोन आडवा धरून बघितला, उभा धरून बघितला. मग म्हणाली, "आई, हे त्रिकोणी का आहे?" तेव्हा कळलं, की दर ओळीच्या दोन्ही टोकांचा एकेक टाका मी सोडत आले होते. माझा वेग वाढत नव्हता, पांघरूण आटत होतं. आणखी चाळीस ओळींनी मी जगातली सगळ्यात वेगवान विणकरीण झाले असते, कारण विणायला काही उरलंच नसतं. "शाल करतेय," मी म्हटलं. "कुणाला?" "मलाच." लेकीला इतका आनंद झाला, की आई अखेर स्वतःसाठी काहीतरी करायला लागली म्हणून तिने जावयांना हाक मारून बोलावलं. दोघांनी त्रिकोणाचं कौतुक केलं. फोन ठेवला आणि सगळं उसवलं.

दुसऱ्या खेपेला दर ओळ मोजली, त्यामुळे कडा सरळ आल्या. पण नुसतं विणत बसणं मला सोसेना. हात गुंतले की डोळे मोकळे राहतात, आणि मोकळे डोळे घरात कुठे कुठे जाऊन बसतात ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून समोर कादंबरी उघडून, पान उलटू नये म्हणून त्यावर चमचा ठेवून, वाचत वाचत विणू लागले. रहस्यकथा होती. लोकर संपली तेव्हा झालेलं पांघरूण काखेत मारून दुकानात गेले. बाईंनी ते पसरलं आणि मध्यावर बोट ठेवलं. तिथे पांघरुणाला कंबर आली होती, टाके असे आवळलेले की सुईचं टोक शिरेना. "इथं काय झालं होतं हो?" "खून," मी म्हटलं. "आणि ही खालची झोळी?" "पोलिसांचा तपास. साठ पानं आहे." बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता हाकलणार. त्या म्हणाल्या, "कुणी केला?" मी सांगितलं नाही. ते पुस्तक आता त्यांच्याकडे आहे, आणि परवा पाहिलं तर त्यांच्या हातातल्या मोज्यालाही कंबर आली आहे.

सातव्या महिन्यात पांघरूण पुरं झालं. कंबर होती, झोळी होती, उलटे दाणे होते, पण पांघरूण होतं. पलंगावर पसरून मी दारात जाऊन उभी राहिले. तेवढ्या अंतरावरून, चष्मा काढून बघितलं, वन्सं, तर ते तुमच्या हातचं वाटत होतं.

आता पाठवायचं म्हणजे धुऊन पाठवायला हवं. इथे माझा हात चालला आणि डोकं मागे राहिलं. सव्वीस वर्षांत माझ्या हातून न उकळलेली चादर बाहेर गेलेली नाही. मोठा हंडा घेतला, पाणी कडकडीत केलं, मूठभर सोडा घातला, पांघरूण आत सोडलं आणि लाकडी दांड्याने चांगलं वीस मिनिटं ढवळलं. ढवळताना गाणं गुणगुणत होते. (मुद्दाम लिहिते, कारण दोन वर्षांत पहिल्यांदाच.) लोकर उकळायची नसते हे मला माहीत नाही असं समजू नका. धुलाईखान्यात आलेल्या प्रत्येक नव्या बाईला पहिल्या दिवशी हे सांगायचं काम माझ्याकडेच होतं.

बाहेर काढलं तेव्हा ते एका हातात मावलं. सात महिने आटून पायपुसण्याएवढे झाले होते. विणीचा मागमूस नाही, आणि घट्ट इतकं, की उभं केलं तर उभं राहतं. (राहिलंय. हे लिहिताना भिंतीशी उभं आहे.) दाणे तेवढे शिल्लक आहेत, वाळून खड्यांसारखे कडक झालेले. मी खुर्चीत बसले आणि आधी हसले. नंतरचं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुकानवाल्या बाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी ते काउंटरवर ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "एक बरं झालं. आता हे जन्मात उसवणार नाही."

तर अशी ही हकीकत. तुमचं पांघरूण तुम्हाला भरून द्यायला गेले आणि तेवढंही जमलं नाही, हे कळवायला हे पत्र. राग सोडायचा की ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पण कृपा करून इतकं नीट बोलू नका. डोळ्याला जपा. सुनेला आणि मुलांना आशीर्वाद सांगा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पायपुसणं वेगळ्या पार्सलने पाठवलं आहे. दाराबाहेर टाकू नये, येणारा-जाणारा अडखळून पडेल. अनवाणी पायाने उभं राहिल्यास मुंग्या जातात, असा माझा अनुभव आहे.

आणखी ता. क. तुम्ही शाळेत चाळीस वर्षं मुलांचं खोटं पकडलंत, तेव्हा डाव्या डोळ्यानेही एव्हाना ओळखलं असेल. तुमच्या पांघरुणात एकतिसावी ओळ दोनदा आली आहे आणि तिच्यात एक दाणा सहा खांबांचा आहे. (चूक तुमचीच. इतकी वर्षं मी कुणाला बोलले नाही.) हे आठवणीवरून कुणाला सांगता येत नसतं. रंगासाठी दुकानात नेलेला धागाही त्यातलाच, आतल्या बाजूने काढलेला, इंचभर. पांघरूण धुण्यात गेलं नाही. हे गेले त्या सकाळी मीच त्याची घडी घातली, पिशवीत भरलं आणि दवाखान्यातून घरी आणलं. तेव्हापासून धुतलेलं नाही. सव्वीस वर्षं धुण्यात काढलेल्या बाईने न धुता ठेवलेली ही एकच गोष्ट. पायाकडे एक भोक आहे, ते तुम्ही ठेवलेलं नव्हे. रोज तिथे ह्यांचा अंगठा अडकायचा आणि रोज हे तुमच्या नावाने ओरडायचे. तुमचा फोन आला तेव्हा ते माझ्या अंगावर होतं. "पाठवते" म्हणायला तोंड उघडलं, आणि बाहेर दवाखाना पडला. नवं तुम्हाला द्यायचं, जुनं आपल्याकडे ठेवायचं आणि वर क्षमाही मिळवायची, असा माझा सात महिन्यांचा बेत होता. तो उकळून झाला.

तिसरा ता. क. पांघरुणाचं पार्सल तीनदा बांधलं, तीनदा सोडलं. पोस्टात माझ्याने टाकवत नाही. तुम्हीच या. तो तुमच्या कडेवर मोठा झाला, माझ्याकडे आला तेव्हा त्याला मिशा होत्या. हक्क तुमचा आधीचा. पण माझ्या हाताने देववणार नाही, म्हणून असं करा. पुढच्या मंगळवारी या. चार ते सहा मी वाचनालयात असते. किल्ली खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे ठेवते. पांघरूण पलंगावर असेल. मी नसताना घेऊन जा, म्हणजे दोघींनाही एकमेकींच्या तोंडाकडे बघायला नको.

पाकीट चिकटवण्याआधी. मंगळवारी वाचनालय बंद असतं. वरचं लिहितानाही मला ते ठाऊक होतं. मी घरीच असेन. तरी मंगळवारीच या.